चौथ्याला टीममधून काढायचं कसं?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारा २७ वर्षांचा, छत्रपती संभाजीनगरला राहतो, वाळूजला एका कंपनीत शिफ्ट इंचार्ज आहे. लातूरला पॉलिटेक्निकला असताना होस्टेलच्या एका खोलीतली चार पोरं, तेव्हापासून मोबाईलवर स्क्वॉड, म्हणजे चौघांची एक टीम करून बंदुकीचा ऑनलाइन गेम खेळतात, आधी पबजी, आता त्याचाच भारतातला अवतार बीजीएमआय. आता एक चाकणला आहे, एकाचं नांदेडला मोबाईलचं दुकान आहे, आणि चौथा वडिलांना पॅरालिसिस झाल्यापासून परभणी जिल्ह्यात गोदाकाठच्या गावी शेती बघतो. रोज रात्री साडेनऊ-दहाला चौघं लॉबीत, म्हणजे गेममध्ये मॅचच्या आधी जमायच्या जागी, येतात. पुढच्या महिन्यात एक टुर्नामेंट आहे, टीमची फी २००० म्हणजे प्रत्येकी ५००. पण दोन-तीन महिन्यांपासून चौथ्याचा गेम पार बसलाय. होस्टेलला असताना स्मोक (धुराचा गोळा) टाकून पडलेल्या पोरांना उचलावं तर त्यानंच, पण आता माइक बंद ठेवतो, अकराच्या सुमाराला चालू मॅचमधून उठून जातो, चार दिवस बरा खेळतो आणि पुढचे तीन दिवस परत तेच, किल (समोरचे मारलेले) जवळजवळ शून्य, आणि फीचे पाचशे मागितले की ऑफलाइन. बाकी दोघं म्हणायलेत की याला काढ, नांदेडचा एक तेज पोरगा तयार आहे. "ताई, तो एकदा स्वतःच म्हणला की माझ्यामुळं हरायलोत, दुसरा बघा. मग काढलं तर त्याला वाईट वाटायचं कारण नाही ना? पण कॅप्टन मी, सांगायचं मलाच आहे. मैत्री न तुटता कसं सांगू?"

भाऊ, चौथ्याबद्दल तू ज्या तक्रारी लिहिल्यास त्या मी एका कागदावर एकाखाली एक उतरवून काढल्या. अकराला उठतो. चार दिवस बरा, तीन दिवस बेकार. माइक बंद. पाचशे मागितले की ऑफलाइन. आणि एकदा म्हणला दुसरा बघा. तू हा सगळा गेमचा हिशोब म्हणून लिहिलास, पण मी पण परभणी जिल्ह्यातलीच आहे, घरी शेती आहे, त्यामुळं तो कागद वाचताना मला गेम नाही दिसला, मला थंडीच्या रात्री अंधारात चपला हुडकणारा माणूस दिसला.

सांगते कसं. शेतीची थ्री फेज लाईट आमच्याकडं पाळीनं असते, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आणि रात्रीची पाळी असली की दहा-अकराला लाईट आली रे आली की मोटार चालू करायला जावंच लागतं, कारण आता रब्बी आहे, हरभऱ्याला पाणी द्यायचं, ज्वारी-गव्हाला द्यायचं, आणि ती पाळी गेली की परत वाट बघत बसा. सौर कृषी वाहिनीमुळं, म्हणजे शेतीला सौर वीज द्यायच्या सरकारी योजनेमुळं, काही गावांना दिवसाची लाईट मिळायलीय पण सगळ्यांचं नशीब एकसारखं नाही. ऑटो स्टार्टर असला तरी काम संपत नाही, तुषारचे पाईप उचलून दुसरीकडं जोडायला माणूसच लागतो, गव्हात पाण्याची दारं धरायला तर रात्रभर उभं राहावं लागतं. तुझा मित्र ज्या तीन दिवसात "बेकार" खेळतो ते दिवस कोणते ते एकदा कॅलेंडरवर मांडून बघ. मी चूक पण असेन, दुसरंच काही कारण निघेल, फोन गरम होत असेल, रेंजचा लफडा असेल. पण दर आठवड्याला ठरल्यासारखं तीन-चार दिवस आणि ते पण अकरालाच, हे वाचल्यावर आमच्याकडच्या कुठल्याही बाईला पहिली लाईटच आठवंल.

तू पण लातूरला शिकलास, तुझं पण गाव असंलच, हे तुझ्या लक्षात यायला पाहिजे होतं असं मी म्हणणार नाही. शहरात राहिलं, शिफ्ट केली, घरी चोवीस तास लाईट असली की दोन-चार वर्षात हे डोक्यातून जातं. माझ्या भावाचं पण गेलं होतं पुण्याला असताना.

आता किलचं बघू, कारण बाकी दोघांची खरी तक्रार तीच दिसते. मी भाच्यांसोबत एरँगल, म्हणजे याच गेमचा एक नकाशा, खेळते, त्यामुळं हे मला बाहेरून ऐकलेलं नाही. तूच लिहिलंस की स्मोक टाकून उचलायचा तोच, म्हणजे तो तुमचा सपोर्ट होता. सपोर्टचं काम काय असतं? समोर फायर चालू आहे, आपला एक नॉक होऊन, म्हणजे गोळ्या लागून पडून, गुडघ्यावर सरकत यायलाय, त्याचा लाल पट्टा कमी-कमी होत चाललाय, आणि अशात एकानं स्मोक टाकायचा, धूर पसरेपर्यंत थांबायचं, आत घुसायचं आणि आठ-दहा सेकंद बंदूक खाली ठेवून त्याला उचलायचं. त्या आठ-दहा सेकंदात उचलणारा पूर्ण उघडा असतो. मॅच संपल्यावर टेबलात त्याच्या नावापुढं शून्य किल दिसतात आणि ज्याला उचललं त्याच्या नावापुढं चार. म्हणजे तुम्ही आज ज्या शून्यावरून त्याला काढायलात ते शून्य होस्टेलला असताना पण बऱ्याचदा असेल, तेव्हा कुणी मोजलं नव्हतं एवढंच.

आणि टुर्नामेंटच्या गुणांनीच बोलायचं तर बोलू. मोठ्या स्पर्धांमध्ये पहिल्या नंबरला १०, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ५, चौथ्याला ४ असे जागेचे गुण देतात, आठव्यापर्यंत १ तरी मिळतो, आणि एका फिनिशला, म्हणजे एका किलला, १. म्हणजे तुमचा तेज पोरगा चार जणांना मारून स्वतः लवकर गेला आणि टीम बाराव्या नंबरवर बाहेर पडली तर हातात ४ गुण. एकही किल न करता शेवटच्या झोनपर्यंत, म्हणजे खेळायची जागा आकसत अगदी लहान होईपर्यंत, टिकून तिसरे आलात तर ५. तुझ्या पत्रावरून तुम्ही तिघं पण पुढं पळणारेच वाटता, त्यात चौथा पण तसाच घेतला तर मागं वळून उचलायला कोण राहिलं हे कॅप्टन म्हणून तू बघायला पाहिजेस. हे मी मैत्रीसाठी बोलत नाहीये हं, निव्वळ जिंकायचं म्हणलं तरी हे बोलावं लागंल.

पण तुझ्या पत्रातली मला खरी टोचलेली ओळ वेगळी आहे. "माझ्यामुळं हरायलोत, दुसरा बघा." तू ती त्याची परवानगी समजलास. मी ती तशी नाही समजत. सहा-सात वर्षं ज्यांच्यासोबत रोज रात्री बोलतो त्यांना माणूस असं म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा ऐकायचं असतं की अरे गप बस, तुझ्याशिवाय कशाला. तुमच्यातलं कुणी म्हणलं का तसं? पत्रात नाही लिहिलेलं. मला वाटतं पुढची मॅच सुरू झाली असंल, विमानातून उडी मारायची होती, पोचिंकी का स्कूल हे ठरवायचं होतं, आणि ते वाक्य तसंच राहून गेलं. मुद्दाम कुणी केलं नाही हे मला कळतंय.

आमच्या गावात पाराच्या समोर व्हॉलीबॉल चालायचं, रोज संध्याकाळी, माझा भाऊ कॅप्टन. त्यांच्यातला एक जण एकदम ढिला पडला, कधी यायचा कधी नाही, आला तरी सर्व्हिस जाळ्यात. कुणी त्याला काढलं नाही, फक्त बोलवायचं बंद केलं, त्याच्या जागी दुसरा उभा केला. पुढं कळलं की तो दोन महिने आईला घेऊन दवाखान्याच्या चकरा मारत होता. भावाला हे कळलं ते त्याच्या आईच्या तेराव्याला, पंगतीत वाढता-वाढता, तेही दुसऱ्याच कुणाकडून. भाऊ घरी येऊन जेवला नाही त्या दिवशी. त्यानं नंतर माफी पण मागितली पण तो मित्र म्हणला की तुझी काय चूक, मी सांगितलंच कुठं होतं, आणि हे ऐकून भावाला अजूनच जड गेलं.

तुझ्या मित्राच्या घरी वडील अंथरुणावर आहेत, गाव गोदाकाठचं आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये गोदाकाठी काय झालं ते तुला मी सांगायला नको, उभं सोयाबीन पाण्यात सडलं, कित्येकांची माती सुद्धा वाहून गेली. तू लिहिलंस "दोन-तीन महिन्यांपासून" गेम बसलाय. मागं मोजत जा, कुठं येतंस ते बघ. अशा घरात ५०० रुपये म्हणजे एका फवारणीचं औषध असतं, मागितल्यावर तो नाही पण म्हणू शकत नाही आणि हो पण म्हणू शकत नाही, म्हणून ऑफलाइन. त्याला पैशाची किंमत नाही म्हणून नव्हे. तसंच माइकचं. घरात एकच खोली, वडील झोपलेले, बायको-लेकरू असंल तर ते झोपलेलं, तिथं मोठ्यानं "३३० ला झाडामागं एक" अशी शत्रूची दिशा ओरडून सांगता येते का?

आणि हे सगळं असून तो रोज येतो. हे तू लक्षात घेतलं नाहीस असं मला वाटतं. ज्याला काही पडलेली नसते तो येणंच बंद करतो. २०२० च्या सप्टेंबरात पबजी बंद झालं, २०२२ च्या जुलैत बीजीएमआय बंद झालं ते थेट २०२३ च्या मे अखेर परत आलं, एवढ्या काळात कितीतरी स्क्वॉड फुटले, तुमचा नाही फुटला. अकराला पाण्यावर जायचं माहीत असून माणूस दहाला लॉबीत येतो, तेवढा एक तास मिळावा म्हणून. दिवसभरात त्याच्या वयाच्या, त्याला होस्टेलच्या नावानं हाक मारणाऱ्या माणसांशी तो कधी बोलत असंल तर बहुतेक त्याच तासात.

म्हणून कसं सांगू याच्या आधी कसं विचारू हे बघ. ग्रुपवर विचारू नको, मॅच संपल्यावर माइकवर तर अजिबात नको, तिथं बाकी दोघं ऐकत असतात आणि पुरुष माणूस तिघांसमोर "सगळं ओके" शिवाय दुसरं बोलत नाही. दुपारी फोन कर. तू का खराब खेळायलास असं नको, काय टेन्शन आहे का असं पण नको, त्याला पण "काही नाही" हेच उत्तर येतं. विचार की तुमच्याकडं सध्या लाईट कधी असते. एवढंच. त्यातून वडिलांचं निघंल, पिकाचं निघंल, बँकेचं निघंल, निघालं नाही तरी त्याला कळंल की तुझ्या लक्षात आलं. आणि पहिल्याच फोनवर टुर्नामेंटचा विषय काढू नको, नाहीतर त्याला वाटंल की एवढ्यासाठीच फोन केला होता.

त्यानं अडचण सांगितली तर लगेच पैसे पाठवतो म्हणू नको. पहिल्यांदा पूर्ण ऐकून घे. मग विचार की आत्ता या आठवड्यात अडलेलं काय आहे. कधी-कधी अडलेलं असतं ते एखाद्या ऑनलाइन फॉर्मचं असतं, वडिलांच्या कागदपत्रांचं असतं, नांदेडला तपासणीला न्यायचं असतं. तुमच्यातला एक नांदेडलाच बसलाय की.

आणि बोलण्यात कुठं "मी नसलो तरी चालतंय", "आता कंटाळा आला सगळ्याचा" असं काही आलं, किंवा झोप नाही, जेवण नाही, कुणालाच भेटत नाही असं कळलं, तर ते हसण्यावारी नेऊ नको. स्वतःच्या जिवाचं काही वाईट मनात येतं का हे सरळ विचार, विचारल्यानं ते मनात भरत नाही, उलट माणसाला बोलायला जागा मिळते. हो म्हणला तर फोन ठेवून मोकळा होऊ नको, घरातलं किंवा गावातलं कुणी त्याच्याजवळ जाईल असं बघ आणि तू निघ. टेलिमानस ही मनाच्या आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, तिचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तो नंबर तुझ्या फोनमध्ये आत्ताच सेव्ह कर.

बाकी दोघांचं पण मला चुकीचं वाटत नाही. चाकणला बारा तास ड्युटी करून आलेल्या माणसाला रोज तिघातच खेळून हरायचं नसतं, त्याची पण वर्षातली एखादी हौस आहे टुर्नामेंटची. त्यामुळं मैत्री म्हणून सगळं सहन करा असं मी सांगणार नाही, त्यानं एक दिवस तुमच्यातच भांडण होईल. मला वाटतं तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून ठेवल्यात. रोजचा स्क्वॉड वेगळा आणि टुर्नामेंटची टीम वेगळी. रोजच्या स्क्वॉडमधली त्याची जागा त्याचीच राहू द्या, त्याच्यावर चर्चाच नको. टुर्नामेंटला बऱ्याच ठिकाणी पाचवा खेळाडू बदली म्हणून लिहिता येतो, नांदेडच्या पोराला तसा घ्या, आणि कोण कधी खेळणार हे चौथ्याला विचारून ठरवा. त्याला म्हण की तुझी रात्रीची पाळी असंल त्या दिवशी तो खेळंल, दिवसाची असंल तेव्हा तू. त्यात त्याचा अपमान नाही, कारण अडचण खरी आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. तो स्वतः म्हणला की यावेळी मला नकोच, तर ठीक आहे, त्याचा निर्णय, पण ते त्यानं फोनवर निवांत म्हणू दे, हरल्या-हरल्या रागात म्हणलेलं धरू नका.

आणि वेळ बदलता येती का ते बघा ना. साडेआठला बसलात तर दोन-तीन मॅच अकराच्या आत होतात. तुझ्या शिफ्टचं मला माहीत नाही पण आठवड्यात तीन दिवस तरी जमंल.

टुर्नामेंटच्या फीचं पण एक बोलते. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा आला, त्यात पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आहे, मग तो कौशल्याचा असो नाहीतर नशिबाचा. ई-स्पोर्ट्स वेगळे धरलेत, पण कुणीतरी व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढून सगळ्यांची फी गोळा करायची आणि त्यातूनच बक्षीस वाटायचं हे त्यात बसतंय असं समजून चालू नको. तुझी टुर्नामेंट कोण घ्यायलंय, नोंदणी आहे का, हे विचारल्याशिवाय २००० पाठवू नका. अशा कस्टम रूमवाल्यांनी, म्हणजे खासगी मॅच लावणाऱ्यांनी, पैसे घेऊन नंबर बंद केल्याचं मी ऐकलंय आणि तक्रार कुठं करणार. चौथ्याचे ५०० तर तू भरूच नको गुपचूप, त्याला कळलं तर लाजंल. फुकटची स्पर्धा हुडका, असतात.

हे वाचणाऱ्यांमध्ये तुझ्या मित्रासारखे पण असतील, म्हणजे जे मॅचमधून उठून जातात ते. त्यांना मी एवढंच सांगते की बाबांनो एक वाक्य टाकत जा. "आज माझी लाईट अकराची आहे, दोनच मॅच." वडिलांची दुखणी, कर्ज, ते काही सांगू नका नसलं सांगायचं तर, पण लाईटचं सांगायला कसली लाज? टीमला माहीत असलं की ते तशी उडी मारतात, तसा झोन धरतात, तुमच्या भरवशावर मधे अडकत नाहीत. न सांगता उठलं की मागं तिघं मरतात आणि त्यांना वाटतं याला आमची किंमत नाही. आणि ज्या बायका, आया म्हणतात की हा रात्री लढाईचा गेम काय खेळत बसतो, त्यांनी एकदा शेजारी बसून ऐका तो कुणाशी बोलतो ते. झोप जात असंल, काम बुडत असंल, बंद कर म्हणलं तरी बंदच होत नसंल आणि हे महिनोन्‌महिने चालत असंल तर तो वेगळा विषय आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं पण त्याला आजारांच्या यादीत घेतलंय, तेव्हा डॉक्टरला दाखवायला लाजू नका. पण रोजचा तासभर मित्रांसोबत म्हणजे आजार नव्हे.

तर भाऊ, तुला साप्ताहिक सुट्टी असंलच. रेल्वेनं परभणी तीन-चार तासांचं आहे, पुढं गावापर्यंत जीप नाहीतर त्याचीच गाडी. फोन झाल्यावर एकदा जाऊन ये, आणि मुद्दाम रात्रीच्या पाळीच्या दिवशी जा. तो नको-नको म्हणंल, तरी त्याच्यासोबत अकराला रानात जा, पाईपचं एक टोक तू धर. स्वेटर घेऊन जा, हरभऱ्यात रात्री लई गार लागतं, आणि बूट आण, चपलेवर जाऊ नको, अंधारात पायाखाली काय असंल सांगता येत नाही. चांगली बॅटरी घे, दोन घे, एक त्याच्याकडंच ठेवून ये.